पूजेला बसलेला व्हिडिओ गेम

पन्नाशीला टेकलं की माणसाला कसलं ना कसलं वेड लागतंच. कुणी सकाळी उठून कारल्याचा रस प्यायला लागतो, कुणी अचानक भजनी मंडळात जाऊन टाळ धरतो. माझ्या धाकट्या भावाला व्हिडिओ गेम लागला. लागला म्हणजे परत लागला. लहानपणी एकदा लागून गेल्ता, तो आता टक्कल पडल्यावर उलटला. दर रविवारी मोटारसायकलला किक मारायची आणि कुठं जुनी मशीन उभी आहे ते शोधत हिंडायचं. कधी जत्रेतल्या तंबूत, कधी बंद पडलेल्या टॉकीजच्या व्हरांड्यात. चालू मशीन सापडली तर खेळायचं, बंद सापडली तर तिचा पुढून, बाजूनं फोटो काढून मला पाठवायचा, जसं काही पोराला स्थळ बघून राह्यला. त्याची बायको एकदा मला म्हणाली, "आक्का, दुसऱ्या बाईच्या मागं लागले असते तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. हे कुणाला सांगू?"

मी तिची समजूत काढली. पण खरं सांगते, मला भावाचा राग येत नव्हता. मला त्याचा हेवा वाटत होता, आणि तो आजचा नव्हता.

आम्ही लहानपणी जालन्यात राहायचो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका अंधाऱ्या खोलीत दोन व्हिडिओ गेम होते आणि दाराला एक जाडजूड हिरवा पडदा. शाळा सुटली की भाऊ त्या पडद्याआड गुडुप. दिवेलागणीला आई मला पिटाळायची, "जा, त्या नवाबाला घेऊन ये." मी जायची आणि पडद्याबाहेर उभी राहून ओरडायची, "चल रे, आई बोलवायली!" आतून आवाज यायचा, "थांब, एवढा चान्स जाऊ दे." रोज हेच. एवढा चान्स जायचा, मग तेवढा जायचा, आणि मी हातात भाजीची पिशवी घेऊन गल्लीत उभी.

पडद्याच्या आत मी कधी गेले नाही. पोरींना मनाई आहे असा बोर्ड नव्हता. असल्या गोष्टींना बोर्ड लागत नाही. समोरच्या पानटपरीवरची डोकी अशी बघायची की मी पडद्याला नुसता हात लावला असता तरी बातमी माझ्या आधी घरी पोचली असती. एकदा चप्पल नीट करायच्या निमित्तानं वाकून पडद्याखालून बघितलं, तर आत नुसत्या पोरांच्या चपला दिसल्या. आवाज मात्र सगळे पाठ झाले होते. टुई-टुई-टुई चाललं म्हणजे बरं चाललंय. मध्येच घर्रर्र झालं म्हणजे काहीतरी मोठं आलं. आणि ढुम्म झालं की चान्स गेला. आता येईल म्हणून मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, तर परत टुई-टुई सुरू. असा संताप यायचा की वाटायचं, आत जावं आणि त्या मशीनीलाच दोन ठेवून द्याव्यात.

घरी गेल्यावर आई भावाला रट्टे घालायची आणि मला बाजूला घेऊन विचारायची, "काय असतंय गं त्यात एवढं?" मला काय माहीत? चपला असतात म्हणून सांगू?

आई गेल्या वर्षी गेली. शेवटच्या दिवाळीला तिनं भावाला सरळच विचारलं होतं, "आता तरी सांग रे, काय असायचं त्यात?" भाऊ म्हणाला, "काही न्हाई आई, एक विमान असायचं." आईनं माझ्याकडं बघितलं. तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही. एका विमानासाठी कुणी रोज मार खातं का? आई गेल्यावर हा भुंगा माझ्या एकटीच्या डोक्यात राहिला. मी भावाला सांगून टाकलं, "मला तो गेम बघायचाय. नुसता बघायचा न्हाई, खेळायचाय."

भावाला काय, आंधळा मागतो एक डोळा. त्यानं मला आधी संभाजीनगरच्या मॉलमध्ये नेलं. तिथं जुन्या गेमचं एक दालन आहे म्हणे. काउंटरवरच्या पोरीनं मला विचारलं, "मॅम, किड्स किती आहेत?" मी भावाकडं बोट दाखवलं, "एकच." आत एक काचेची तिरपी पेटी होती, वर दिवेच दिवे, खाली दोन पट्ट्या. स्टीलची गोळी सुटते आणि बाजूची बटणं दाबून त्या पट्ट्यांनी ती परत वर मारायची, खाली पडू द्यायची नाही. भाऊ म्हणाला, याला पिनबॉल म्हणतात. मला ते लगेच समजलं. जत्रेत खिळे ठोकलेली पाटी मिळायची ना, तिचीच ही श्रीमंत मावसबहीण. बरं चाललं होतं माझं. पण गोळी मधोमध खाली जायला लागली तशी मी पेटीला बाजूनं एक सणसणीत थाप दिली. आमच्या घरात टीव्ही, कूलर आणि नवरा याच उपायानं चालतात. पेटीचे सगळे दिवे गेले. पट्ट्या हलेनात. गोळी माझ्या डोळ्यांदेखत आरामात खाली गेली.

भावानं कपाळाला हात लावला. "आक्का, ती हलवली की रुसती. तशीच बनवलेली असती."

"मशीननं रुसायचं? मंग माणसांनी काय करायचं?"

मला ती जागा आवडली नाही. गारढोण हवा, काचेचं दार, जाईल तिथं कार्ड घासायचं. पडदाच नाही तर आत गेल्याचं सुख कुठून येणार? आणि विमान तर तिथं नव्हतंच.

मग नवरात्रात भावाचा फोन आला. एवढा ओरडत होता की मला वाटलं पोराला नोकरी लागली. "आक्का, सापडला! घनसावंगीत! तोच गेम, तशीच मशीन, आन् बिलकुल चालू हाय. पण जल्दी कर. मालकानं ती पुण्याच्या एका हॉटेलवाल्याला देऊन टाकली. तो ती आतून पोकळ करणार आन् तिच्यात झाडाच्या कुंड्या ठेवणार. दसऱ्याला दुपारी टेम्पो यायलाय."

"दुसरीकडं कुठं नसंल का?"

"मी अख्खा जिल्हा फिरून आल्तो. ही शेवटची."

कुंड्या! माझं सगळं लहानपण ज्याच्या दारात उभं राहिलं, त्याच्यात कुंड्या! दसऱ्याला घर सोडणं शक्य नव्हतं, म्हणून आदल्या दिवशी, खंडेनवमीला, जायचं ठरलं.

लग्नापासून मी मंठ्यात असते, शिवणकाम करते. खंडेनवमीला आमच्या घरची सगळी अवजारं पूजेला बसतात. शिलाई मशीन, कात्र्या, विळा, मिक्सर, नवऱ्याची मोटारसायकल. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही, ही माझी सक्त ताकीद. त्या दिवशी मला बसस्टँडवर सोडायला म्हणून नवऱ्यानं गाडीची किल्ली उचलली, तर मी अशी ओरडले की शेजारीण खिडकीत आली.

"वर्षभर राबती बिचारी. एक दिवस तरी टेकू द्या तिला!"

"अगं पण बस चुकंल."

"चुकू द्या."

मग त्याला जेवताना लसणाची चटणी पाहिजे होती आणि मिक्सर तर पूजेत. "खलबत्ता मोकळाय की," म्हटलं आणि चालत बसस्टँड गाठला. त्या वेळी माझ्या डोक्यात जरा जरी उजेड पडला असता तरी पुढची शोभा टळली असती. पण दुसऱ्याच्या घरीही खंडेनवमी असते, हे माणसाला सुचत नाही.

जालन्यात भाऊ गाडी घेऊन उभाच होता. "तुझी गाडी कशी काय चालू?" मी विचारलं.

"माझी पूजा दसऱ्याला असती."

"तरीच तुझ्या घरात काही टिकत न्हाई," म्हटलं आणि मागं बसले.

घनसावंगीत बाजाराच्या रस्त्याला मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान होतं. मालक साठीच्या आसपासचा, गळ्यात टॉवेल, बोलायला मोकळा. त्याच्या वडलांच्या मेंढ्या होत्या. यानं तरुणपणी त्या विकून ही मशीन आणली. "बापानं वर्षभर माझं तोंड बघितलं न्हाई," तो सांगू लागला. "म्हणला, अरे, मेंढीला लोकर तरी येती. हिला काय येणार?" दुकानाच्या मागं एक खोली होती आणि खोलीला पडदा होता. निळा, पण पडदाच. भाऊ बाजूला सरला. "तू आधी," म्हणाला. मी तो पडदा सारला आणि आत गेले.

आत मशीन नवरीसारखी सजून उभी होती. काचेवरून झेंडूचा जाडा हार, कपाळावर हळद-कुंकू, बटणांवर अक्षता. पायाशी मेंढ्या कातरायची जुनी कातर, ऊस तोडायचा कोयता, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि नारळ. प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली. मालकाची बायको समईत तेल घालत होती.

"पाया पडा," ती म्हणाली. आम्ही पाया पडलो. दुसरं काय करणार?

"जरा चालू करता का?" मी विचारलं.

"आज?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिचं झोपलेलं नातवंड उठवायला सांगितलं. "आज खंडेनवमी हाय बाई. पूजा झाली तिची."

मी म्हटलं, "वहिनी, पूजा अवजाराची असती. हे तर खेळणं हाय."

हे बोलायला नको होतं. मालकाचा चेहराच उतरला. "खेळणं? ताई, ह्याच मशीनीवर माझ्या दोन्ही पोरी शिकल्या, त्यांची लग्नं झाली, हे दुकान उभं राह्यलं. तुम्हाला खेळणं असंल. माझा हा नांगर हाय. आन् उद्या ती घरातून जायली. तिची ही शेवटची पूजा."

भावानं मध्ये तोंड घातलं, "नुसती चालू करा. ती हात लावणार न्हाई, लांबूनच बघंल."

"चालू केली की कामाला लागली," बायको म्हणाली. "मंग पूजा कशाला केली?"

बोलणं बिनतोड होतं. पण मी सहजासहजी ऐकणारी नव्हे. मी आवाज मऊ केला, गिऱ्हाइकाचा ब्लाऊज घट्ट झाला की करते तसा. "वहिनी, देव भावाचा भुकेला असतो. आम्ही मंठ्याहून आलो. माझी आई हे विचारता विचारता गेली. आन् ह्या रीती जुन्या हो, आता कोण एवढं पाळतं? मशीनला काय कळतंय, आज कोणता दिवस हाय?"

बायको विचारात पडली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं गुंडाळलेल्या वायरीकडं बघितलं. अजून एक वाक्य, आणि काम झालं असतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवऱ्याचा. माझ्या फोनमधून पलीकडचा माणूस बोलला की अर्ध्या गल्लीला ऐकू जातं. "अगं, बत्ता सापडंना. मिक्सर एकच मिनिट लावू का? कुणाला कळणार हाय?"

"खबरदार!" माझ्या तोंडून निघून गेलं. "हात लावायचा न्हाई! पूजेत हाय तो! एक दिवस चटणी न्हाई खाल्ली तर मरत न्हाईत तुम्ही!"

फोन ठेवला आणि मग मला कळलं आपण कुठं उभे आहोत. मालकाच्या बायकोनं तोंडाला पदर लावला होता. भाऊ पडद्याबाहेर निघून गेला आणि तिकडून त्याच्या खिदळण्याचा आवाज यायला लागला.

"मिक्सरला कळतं वाटतं, आज कोणता दिवस हाय," मालक म्हणाला.

धरणीमाय दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यांनी मात्र चहा पाजला, वर चिवडा खायला लावला. निघताना बायकोनं माझा हात धरला. "उद्या सकाळी या. दसऱ्याला तिला उठवायचीच हाय. टेम्पो दुपारचा हाय."

रस्त्याला लागल्यावर मला रडू फुटलं. हसण्यासारखं होतं सगळं, पण मला रडू फुटलं. एवढं आत गेले, एवढी जवळ उभी राहिले आणि काचेवर झेंडूचा हार! या वयातही माझ्या नशिबी पडदाच. भावानं गाडी बाजूला घेतली. मग म्हणाला, "उद्या येऊ, आक्का. तू माझ्याकडंच राहा."

मी नवऱ्याला फोन लावला. "उद्या मी घरी न्हाई."

"दसऱ्याला? तोरण कोण बांधणार?"

"तुम्ही."

"पुरणपोळी?"

"शेजारणीला सांगते."

"आन् तू काय करणार?"

"गेम खेळणार."

मग नवरा म्हणाला, "सकाळी तरी मिक्सर लावू ना?"

दसऱ्याला उजाडताच निघायचं ठरलं होतं. पण भावजयीनं दारात अडवलं. गाडीची पूजा! काल मीच टोमणा मारला होता, आता कोणत्या तोंडानं घाई करू? तिनंही काही कसर ठेवली नाही. गाडी धुतली, पुसली, हार बांधला, टिळा लावला, नारळ फोडला, आरती म्हटली, आरतीचं एक कडवं विसरली म्हणून परत पहिल्यापासून म्हटली. मी हात जोडून उभी, आणि मनातल्या मनात देवाला सोडून सगळ्यांना शिव्या.

घनसावंगीत दुकानासमोर टेम्पो उभा होता. दुपारी येणारा टेम्पो सकाळीच आल्ता. उतरले ती तशीच पळत निघाले, निऱ्या धरून, भर बाजारातून. दुकानाच्या पायरीवर टेम्पोचा ड्रायव्हर चहाचा कप घेऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी रिकामे कप होते. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्याच का त्या?" त्यानं आत ओरडून विचारलं.

"ह्याच!" मालक बाहेर आला. "कवाचा घाई करून राह्यला हा. मी म्हणलं, उठवल्याशिवाय मशीन जागची हलवायची न्हाई. आन् उठवणारी बाई जालन्याहून यायली."

ज्या रीतीनं काल मला हात हलवत परत पाठवलं, तिनंच आज मशीन धरून ठेवली होती. मी आपली दारात आलेल्या मालकाच्या बायकोच्या गळ्यात पडले.

मी पडदा सारून आत गेले. मशीनीवर आपट्याचं पान ठेवलं, सोनं म्हणून. मालकाच्या बायकोनं हार उचलला, अक्षता पुसल्या. मालकानं वायर उलगडली, प्लग लावला आणि मागं हात घालून काहीतरी दाबलं. काच उजळली. आणि आवाज आला. टुई-टुई-टुई.

तोच. अगदी तोच. हात नकळत पिशवी बदलायला गेला, पण हातात पिशवी नव्हती.

आणि विमान? बोटाच्या पेराएवढं. पांढरं, खालच्या कडेला इकडून तिकडं सरकणारं. वरून लाल-हिरवे किडे उतरायचे आणि यानं त्यांना मारायचं. संपलं! एवढंच! ह्याच्यासाठी मी गल्लीत उभी? ह्याच्यासाठी आईचे रट्टे? मी तोंड उघडून भावाला झापणार, तेवढ्यात ढुम्म. चान्स गेला.

"बघता काय? दांडी हलवा!" मालक ओरडला.

दुसऱ्या चान्सला मी दांडी धरली. डावीकडं, उजवीकडं, बटण, बटण, बटण. दोन किडे पडले. तिसरा माझ्या अंगावर आला, मी सटकले. सटकले! मग काय, अंगातच आलं माझ्या. "ये की मेल्या, ये! पळतो कुठं?" मालकाची बायको "डावीकडं, डावीकडं" करत माझ्या खांद्यावर थापा मारत होती. तेवढ्यात घर्रर्र झालं आणि वरून एक भलंमोठं जांभळं जहाज उतरलं. लहानपणी बाहेर उभी राहून ज्याचा आवाज ऐकला, ते हे. "अच्छा, तू होय!" मी म्हटलं आणि त्याच्याकडं बघत राहिले. ढुम्म.

शेवटचा चान्स. आता मात्र मी पदर खोचला. मागचं काही ऐकू येईना, सुचेना. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला असणार, भाऊ त्याची समजूत काढायला गेला असणार. मला पत्ता नाही. किडे पडत होते. घर्रर्र झालं, जहाज आलं, आणि या वेळी मी हलले नाही. आई, खरंच विमान असायचं गं. पण ते आपल्या हातात असायचं.

बाहेर परत हॉर्न वाजला. मग पडद्याच्या पलीकडून भावाची हाक आली, लहानपणी मी द्यायची त्याच सुरात, "आक्का, चल गं! आई बोलवायली!"

चेष्टेनं म्हणाला तो. पण म्हणून झाल्यावर पडद्याच्या तिकडं एकदम गप्प झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, समोरचं विमान धूसर झालं. पुसायला हात सोडला असता तर ते गेलं असतं.

मी मागं वळले नाही.

"थांब," मी म्हटलं, "एवढा चान्स जाऊ दे."